चिचटोला माळावर कसा गेला

पोंभुर्णा
बुधवार, दुपार (पाऊस थांबलाय, पण त्याचा भरवसा नाही)

आदरणीय मामूजान यांना धाकट्या भाच्याचा, मुजफ्फरचा, सलाम पोचे.

तुम्ही आणि नाहीद मामी सुखरूप असाल, तुमच्याकडची धानाची रोवणी आटोपली असेल आणि छतातून गळणारी ती जागा यंदा तरी सापडली असेल, अशी उमेद ठेवतो. आम्ही सगळे खैरियतने आहोत. (उभं आयुष्य जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलेल्या माणसाला पत्र लिहायचं म्हणजे मी प्रत्येक वेलांटी दोनदा तपासतो. मागच्या खेपेला तुम्ही माझं पत्र लाल शाईने तपासून परत पाठवलं होतं, उत्तर मात्र दिलं नव्हतं.) तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कशाला? तर मामू, तुमचा फोन मामी स्पीकरवर टाकतात, आणि मामींच्या कानी पडलेली गोष्ट दुपारचा चहा व्हायच्या आत चांद्याला अम्मीच्या कानी पोचते. हे पत्र तुम्ही एकट्याने वाचायचं आहे. वाचून झाल्यावर चुलीत घाला. गॅस असेल तर गॅसवर धरा.

अम्मीही खैरियतने आहे, म्हणजे तिच्या मते. पावसाळा लागल्यापासून तिला माझ्याकडे आणायची माझी खटपट चालू आहे आणि ती इरई नदीकाठच्या त्याच दोन खोल्यांत बसून आहे. मागच्या पुराची रेघ भिंतीवर आहे ना, ती आता पाहुण्यांना दाखवते, जशी दुसरी बाई मुलाचा फोटो दाखवेल. अलमारी विटांवर चढवली आहे, विटा आणखी विटांवर. म्हटलं, अम्मी, चल. तर म्हणते, मोहल्ल्यातल्या पोरींचा कुराणाचा सिपारा कोण घेणार, तू? त्या विषयावर पुढे येतो. आधी माझे हाल ऐका, कारण ते ऐकल्याशिवाय मी किती टेकीला आलोय ते तुम्हाला कळायचं नाही.

तुम्हाला ठाऊक आहे की माझा धंदा मंडप, लग्नाच्या स्वयंपाकाच्या डेगा आणि लाउडस्पीकरचा. उन्हाळ्यात अंकुश नावाचा एक तरुण साहेब माझ्या ऑटोसमोर येऊन उभा राहिला. कुठल्याशा संस्थेचा, नागपूरकडचा, बूट इतके स्वच्छ की आपल्याकडे रस्ते आहेत याच्यावर माझाच विश्वास बसेना. त्याचं काम असं : वैनगंगेच्या काठाला चिचटोला म्हणून गोंडांचं छोटंसं गाव आहे. आधी तिथे पिढीत एखादा पूर यायचा, आता पाऊस महिन्याचा हिशेब एका दिवसात चुकता करतो आणि जवळपास दरसाल पाणी अंगणात असतं. मागल्या वर्षी तर गुरं छपरावर चढवायची तेवढी बाकी होती. वर माळावर त्यांच्यासाठी नवी घरं बांधून तयार : टिनाचं छप्पर, हातपंप, गाडीचा रस्ता. फक्त माणसं वर जाईनात. त्यांना पावसाआधी समजावून वर न्यायचं. अंकुशला आवाज हवा होता आणि माझ्याकडे दोन भोंगे होते.

त्याने मला वाचायला एक मजकूर दिला. त्यात 'पूरप्रवण क्षेत्रातील नागरिकांनी' असं काहीतरी होतं. मी चिचटोल्यात ते वाचलं. एक कुत्रं उठलं, जागा बदलून पुन्हा झोपलं. (तेवढंच काय ते स्थलांतर.) आता मामू, मी वीस वर्षं भोंग्यावर बोलतोय. सेल, उर्स, कुस्त्या, जत्रेतला मीना बाजार. आवाज देऊन माणसं हलली नाहीत असं माझ्या बाबतीत होत नाही, म्हणून मला राग आला. दुसऱ्या दिवशी मजकूर खिशात ठेवला, मीना बाजाराची धून लावली आणि सुरू झालो : चला चला चला, लहान-थोर, बाया-बापड्या, वरच्या माळावर चला, लाईट आहे, पाणी आहे, पक्का रस्ता आहे, थोडेच दिवस राहिले, मागाहून पस्तावू नका!

गाव हललं. अख्खं हललं. बायांनी पेटीतली लुगडी काढली, पोरांच्या डोक्याला तेल लागलं, बैलबंड्या जुंपल्या गेल्या. मी पुढे ऑटोत, मागे सगळा चिचटोला. अंकुश वर नारळ घेऊन उभा होता, त्याचे डोळे भरून आले, त्याने फोटो काढले आणि शंभर टक्के गाव वर आलं म्हणून साहेबलोकांना कळवूनही टाकलं. मग एका पोरीने टिनाच्या घरांच्या रांगेकडे बघत विचारलं, "पाळना कुठी हाय?" दुसरा म्हणाला, जिलेबी कुठी हाय. हळूहळू सगळी माझ्याकडे बघायला लागली. मामू, मी आयुष्यात पहिल्यांदा भोंगा बंद करून पळावं म्हणत होतो, पण ऑटोभोवती बंड्या लागलेल्या. संध्याकाळच्या आत गाव खाली परत गेलं आणि जाताना मला सोबत घेऊन गेलं.

मला गावासमोर उभं केलं. जंगू भुमक म्हणजे त्यांच्या देवाचा पुजारी, सुका काटकुळा माणूस, चिडतसुद्धा नाही, नुसता बघतो. दंड ठरला : कोंबडे माझे, आणि सगळ्या गावाने माझ्यासोबत बसून जेवायचं. त्यांच्यात अशी रीत आहे की दंडाचं जेवण एकदा पोटात गेलं की तो गुन्हा पुन्हा कुणी तोंडावर आणायचा नाही. (आपल्या खानदानात ही रीत असती तर छोट्या खालूंच्या लग्नातली बिर्याणी अजूनपर्यंत चघळली नसती.) कोंबडे मी बिस्मिल्ला करून कापू का, असं भीत भीत विचारलं. जंगू म्हणाला, "काप ना बा. देवाले आपला वाटा भेटला म्हंजे झालं." मोहाच्या दारूच्या जागी मी मुहर्रमला करतो तसं पिंपभर शरबत केलं. जेवण उत्तम झालं. गाव मात्र खालीच होतं आणि मृग जवळ येत होता.

(जरा थांबलो होतो. बाहेर जाऊन बघून आलो. ढग चांद्याच्याच बाजूला आहेत.)

तर जेवताना मला खरी अडचण कळली. नव्या जागी गाव बसवायचं तर आधी जमिनीला विचारावं लागतं. भुमक पळसाच्या पानावर तांदळाची रास मांडतो, देवाचं नाव घेतो, आणि सगळे निघून जातात. सकाळी येऊन बघायचं. रास जशीच्या तशी असली की जमीन हो म्हणाली, विस्कटली की नाही म्हणाली. साधी गोष्ट आहे. अंकुशच्या संस्थेने माती तपासली होती, उतार मोजला होता, जमिनीला तेवढं विचारायचं राहिलं होतं. मी अंकुशला म्हटलं, साहेब, एवढंच ना? तांदूळ मी देतो. आणि मामू, मी चांगलाच तांदूळ दिला.

जंगूने रास मांडली, सगळे खाली गेले. मी ऑटो सुरू केला आणि लगेच बंद केला. उघड्यावर तांदूळ! मुंग्या आहेत, खारी आहेत, माळावर तितर फिरतात. एका खारीच्या भुकेपायी अख्खं गाव पुरात राहणार? आता मी जातीचा डेगवाला. शिजलेलं असो की कच्चं, अन्न उघडं दिसलं की माझा हात आपोआप झाकण शोधतो. माझ्या ऑटोत लग्नाची मोठी डेग होती. ती मी त्या राशीवर अलगद पालथी घातली, वर दगड ठेवला आणि निवांत घरी येऊन झोपलो. त्या उन्हाळ्यातली ती माझी एकमेव निवांत झोप.

सकाळी जंगू, म्हातारे, बाया, सगळे माळावर. मीही, मिशीला ताव देत. जंगू डेगेसमोर बराच वेळ उभा राहिला.

"हे काय होय?"

"डेग आहे," मी म्हटलं, आणि दगड काढून मोठ्या ऐटीत ती उचलली. "बघा! एक दाणा हललेला नाही!"

जंगूने दाण्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दाने हायेत. पन जमिनीले बोलू कुठी देल्लं तू? तोंड दाबून हो म्हनवलं तिले."

दंड. पुन्हा कोंबडे, पुन्हा शरबत. (या वेळी पोरांनी रंग कोणता हवा तेही सांगितलं.) आणि पुढची राशीची वेळ थेट अमावस्येनंतर. अंकुशने डोकं धरलं. अमावस्येनंतर म्हणजे पाऊस लागल्यावर, आणि पावसात उघड्यावर रास टिकणार कशी? मी वैतागून रोज भोंगा घेऊन खाली जाऊ लागलो. आता कुणी बोलावलं नव्हतं, अंकुशही नको म्हणत होता, पण घरी बसवत नव्हतं. नदी रोज थोडी थोडी जाड होताना दिसायची.

गावात सगळ्यांत आधीचं घर बुधरी म्हातारीचं. नदीच्या अगदी काठाला. ती दारात टोपल्या विणत बसायची आणि मी तिच्यासमोर उभा राहून पुराची भीती घालायचो : म्हातारे, रात्रीतून पाणी आलं तर? म्हातारे, तुझे गुडघे तर चालत नाहीत! ती ऐकून घ्यायची. एक दिवस बांबूची पट्टी दातात धरून तिने मान वर केली.

"काऊन रे बाबू, तुही माय कुठी रायते?"

"चांद्याला."

"नदीपासून दूर हाय काय घर?"

मी माइक या हातातून त्या हातात घेतला. म्हटलं, तशी नदी दिसते दारातून.

"मंग तिले काऊन नाई नेत वर?"

"ती ऐकत नाही ना माझं!" मी म्हटलं. आणि मामू, माइक चालूच होता. दोन्ही भोंग्यांतून सगळ्या चिचटोल्याला, नदीपलीकडच्या गावालाही, कळलं की मुजफ्फरची माय मुजफ्फरचं ऐकत नाही. विहिरीवरच्या बाया हसून हसून घागरी खाली ठेवून बसल्या. त्या दिवसापासून मी गावात शिरलो की पोरं ओरडायची, "आयकलं का मायनं?" यावर मात्र दंडाची रीत नाही, मी विचारून पाहिलं.

पाऊस आला तो असा आला की गावची वाट चिखलात बुडाली. बुधरीची नात दिव्यानी नवव्या महिन्यात होती. दवाखान्याची गाडी खाली यायची सोय उरली नव्हती, म्हणून तिला बंडीत घालून माळावर आणलं, तिथवर रस्ता होता. पण बाळाने गाडीची वाट पाहिली नाही. गाडी पोचेस्तोवर ते टिनाच्या पहिल्या घरात जन्माला येऊन मोकळं झालं होतं. मायलेकरं ठीक आहेत म्हणून नर्सबाई बघून गेल्या. आता त्यांच्यात रीत अशी की नाळ पडेपर्यंत बाळंतिणीला जागेवरून हलवायचं नाही. आणि बाळंतिणीची अंघोळ-शेक म्हणजे बुधरीचं काम, दुसऱ्या कुणाला ती हात लावू देत नाही. म्हणजे बुधरीला वर यावं लागलं. जिला मी दोन महिने हलवू शकलो नव्हतो, ती त्या गुडघ्यांनिशी, छत्रीशिवाय, माझ्या ऑटोच्या आधी वर पोचली.

बुधरी आली म्हणून तिची सून आली. सून आली तर चूल आली. बाळ बघायला बाया आल्या, बायांमागे लेकरं, लेकरांमागे शेळ्या. दुपारी पुरुषांना खाली कुणी वाढेना, तेही आले. शेवटी जंगू आला, कारण त्याची बायको सकाळपासून वर होती आणि त्याला भूक लागली होती. पाऊस एवढा की संध्याकाळी परत उतरायची सोय नव्हती. सगळी टिनाखाली दाटीवाटीने बसली. सकाळी माळाच्या कडेला उभं राहून बघितलं तर चिचटोल्याची छपरं तेवढी पाण्यावर होती, आणि बुधरीचं तर तेही नाही. मी ऑटोच्या चाकाला टेकून खाली बसलो.

पण जंगू बेचैन. राशीचा कौल न घेता आपण या जमिनीवर बसलो, हे बरं नाही, म्हणाला. तेव्हा बाळाला मांडीवर घेऊन बसलेली बुधरी म्हणाली, "इचारलं ना बा जमिनीले. लेकरू ठेवलं हिच्यावर. जनमला तवा रडला तेवढाच. मंग नाई रडला."

मामू, ते लेकरू जन्मल्यापासून जे रडत होतं ते माझ्या भोंग्याला लाजवेल असं रडत होतं. टिनाचं घर, वरून पाऊस, तरी शेवटच्या घरात ऐकू येत होतं. अंकुशने कानात कापूस घातला होता. जंगू सगळ्यांकडे बघत गेला. "रडला काय?" "नाई बा," बाया म्हणाल्या. "चुप होता," पुरुष म्हणाले. "आम्हाले त आवाज नाई आला," त्याची बायको म्हणाली. मग तो माझ्यासमोर आला. "तू सांग. तू आवाजाचा मानूस हायेस." मी म्हटलं, "एक शब्द नाही." त्याच वेळी ते बुधरीच्या मांडीवर पुन्हा सुरू झालं, आणि जंगूने तिकडे पाठ करून पळसाचं पान मागितलं. पूजा झाली. चिचटोला आता माळावर आहे. घरं उन्हात तापतील म्हणून आतापासून टिनावर धानाचं तणस घालायचं चाललंय. अंकुशची बदली वरच्या जागी झाली, त्याने मला हार घातला आणि म्हणाला, तुमच्या आवाजाने गाव वाचलं.

बाकी इकडचं सगळं ठीक. मामींना सलाम (पण पत्र नको). पोरांना दुवा. तुमच्या मराठीच्या धाकाने जिथे जिथे चुकलो असेन, तिथे माफी असावी.

तुमचा,
मुजफ्फर

ता. क. मामू, आता खरं काम. काल मी अम्मीला सांगितलं की तुमची तब्येत नाजूक आहे. उठवत नाही, चक्कर येते, आणि रात्रंदिवस बहिणीचं नाव घेता. (आजार मी विचार करून निवडला. चक्कर कुठल्याही तपासणीत दिसत नाही आणि नसल्याचंही सिद्ध होत नाही. खाण्यावर बंधन नाही.) तुमच्या टायफॉइडच्या वेळची आठवण आहे ना, तेवढा एकच पावसाळा तिने घर सोडलं होतं. ती शुक्रवारच्या एसटीने सिंदेवाहीला तुमच्याकडे येते आहे. हे पत्र आजच्याच एसटीच्या कंडक्टरच्या हाती देतोय, तेव्हा गुरुवारपासून कृपा करून अंथरुणावर पडा. सायकल शेजाऱ्याकडे लपवा. मामींनाही खरं सांगू नका, त्या रडल्या तर उलट बरंच. मामू, मी हसत लिहितोय पण मला झोप नाही. माळावरून पाण्यात गेलेलं बुधरीचं घर बघितलं तेव्हा मला त्या जागी आपलंच घर दिसलं, विटांवरच्या अलमारीसकट. मला फार भीती वाटते. तिला दिवाळीपर्यंत तुमच्याकडे ठेवा.

ता. क. पत्र पाकिटात घालता घालता अम्मीचा फोन आला. तुमचं नाव घेऊन म्हणते, "मुज्जू, कमरू से सुबह ही बात हुई। घंटाभर करेले के दाम पे चिल्ला रहा था। बीमार आदमी इतना नहीं चिल्लाता।" मी कारल्याचा भाव काय निघाला ते विचारलं. तो तिने सांगितला. मग म्हणाली, पेटी भरून झाली आहे. मोहल्ल्यात सगळ्यांना सांगितलंय की माझा भाऊ शेवटच्या घटका मोजतोय, नाहीतर पाण्याला भिऊन पळाली म्हणतील. आणि मामू, ती एकटी येत नाहीये. गल्लीतल्या सगळ्या बाया तुमचं शेवटचं तोंड बघायला लेकराबाळांसकट, सिपाऱ्यासकट निघाल्यात. मी मंडप आणि डेगा घेऊन शुक्रवारी सकाळी पोचतो. तुम्ही फक्त एवढंच करा : इरईचं पाणी उतरेपर्यंत उठू नका.